संक्रांतीचें भेटकार्ड : ठसा, साचा आणि रंगीत पेन्सिल

संक्रांत जवळ आली कीं एके काळीं महाराष्ट्रांतील टपाल वाढत असे. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यांत पोस्टमनच्या पिशवींत लहानमोठीं रंगीत भेटकार्डें दिसूं लागत. एखाद्या लिफाफ्यांत हलव्याचे चार दाणे खुळखुळत, तर एखाद्यावर तिळाच्या तेलाचा डाग उमटलेला असे. दूरगांवीं असलेल्या माणसाच्या हातावर तिळगूळ ठेवतां येत नाहीं, म्हणून त्याऐवजीं हें कार्ड जाई. पुढें घरोघर दूरध्वनी आला, त्यामागून भ्रमणध्वनी आला, आणि आतां संक्रांतीच्या सकाळीं एकच चित्र व एकच वाक्य बोटाच्या एका स्पर्शासरशीं शंभर जणांस पोंचतें. पोंचतें हें खरें. पण त्या शंभरांपैकीं कोणालाहि तें आपल्यासाठीं केलेलें आहे असें वाटत नाहीं, कारण तें तसें केलेलें नसतेंच.

ही उणीव जाणवून एखाद्या घरांत पुन्हां हातानें कार्डें करण्याचा बेत ठरतो. सुटीच्या दिवशीं कागद, रंग, कात्री असा पसारा मांडला जातो. पहिलें कार्ड फार सुरेख होतें, दुसरें बरें होतें, तिसऱ्याच्या वेळीं हात दुखूं लागतो, आणि उरलेल्या नांवांना अखेर भ्रमणध्वनीवरूनच संदेश जातो. असें होण्याचें कारण हौस कमी पडली हें क्वचितच असतें. बहुधा कामाची वांटणी चुकलेली असते. ठसा, कापीव साचा म्हणजे ज्याला स्टेन्सिल म्हणतात तो, आणि रंगीत पेन्सिल या तीन साधनांचीं कामें निरनिराळीं आहेत. जें सर्व कार्डांवर सारखें असावयाचें तें ठशानें व साच्यानें करावें. जें एकाच माणसासाठीं आहे तें पेन्सिलीनें करावें. एवढें तत्त्व संभाळलें तर एका कुटुंबाला दोन संध्याकाळीं चोवीस कार्डें करतां येतात, आणि त्यांतलें एकहि दुसऱ्याची नक्कल होत नाहीं.

हें तत्त्व नवें नाहीं. छापील भेटकार्डांचा आरंभच त्यापासून झालेला आहे. इंग्लंडांत १८४० सालीं एका पेनींत पत्र पाठविण्याची सोय झाली आणि पत्रव्यवहार एकाएकीं वाढला. ती सोय घडवून आणण्याच्या कामीं हेन्री कोल नांवाच्या गृहस्थाचा हात होता, आणि तिचा भार त्याच्यावरहि पडला. १८४३ च्या नाताळांत शुभेच्छांच्या सर्व पत्रांना स्वहस्तें उत्तरें देणें त्याला अशक्य वाटूं लागलें. तेव्हां त्यानें जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतलें, त्याच्या सुमारें एक हजार प्रती शिळाछापावर छापविल्या, आणि त्या हातानें रंगवून घेतल्या. पत्र घेणाराच्या व पाठविणाराच्या नांवांसाठीं चित्रावर कोरी जागा ठेवलेली होती. कोलला लागल्या तेवढ्या प्रतींखेरीज बाकीच्या एकेक शिलिंगास विकण्यांत आल्या. पहिलें नाताळ-कार्ड म्हणून जें सामान्यतः ओळखलें जातें त्यांत अशा रीतीनें रेषा यंत्राची, रंग हाताचा, आणि नांव लिहिणाराचें, अशी तिपदरी वांटणी होती. पुढें बहुरंगी शिळाछाप स्वस्त झाला, रंगहि यंत्रानें येऊं लागले, आणि माणसाच्या हाताला सहीपुरती जागा उरली.

हिंदुस्थानांत पाव आण्याचें पोस्टकार्ड १८७९ सालीं निघालें, आणि सणावाराला दूरच्या माणसाची वास्तपुस्त करणें सामान्य कुटुंबाच्या आटोक्यांत आलें. पोस्टकार्डाएवढें माप घरगुती भेटकार्डालाहि सोयीचें पडतें. १८ सेंटिमीटर लांब व १४ सेंटिमीटर रुंद असा जाड कागदाचा तुकडा घेऊन तो मध्यें दुमडला म्हणजे १४ बाय ९ सेंटिमीटरचें, दोन पानी कार्ड तयार होतें. कागद दर चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम वजनाचा असावा. चित्रकलेच्या वहीचा जाड कागद साधारणपणें एवढ्या वजनाचा असतो. दोनशे ग्रॅमी कागदाचें असें एक कार्ड पांच ग्रॅम भरतें, म्हणजे टपालाला तें जड होत नाहीं.

कागद दुमडण्यापूर्वीं त्याची दिशा पाहावी. यंत्रावर केलेल्या कागदाचे तंतू बहुतांशीं एकाच दिशेला निजलेले असतात. कागद हलकेच एकदां उभा व एकदां आडवा वांकवून पाहिला तर ज्या बाजूनें तो सहज वांकतो तिकडे तंतूंची दिशा असते. घडी त्या दिशेनें घातली तर ती सरळ व गुळगुळीत बसते. आडवी घातली तर तंतू मोडून घडीवर फुसके निघतात. हातकागदाला अशी ठळक दिशा नसते. पुण्यास १९४० सालीं स्थापन झालेली हातकागद संस्था आणि दौलताबादेजवळचें कागजीपुरा हें गांव यांमुळें हातकागद महाराष्ट्राला परका नाहीं, आणि त्याचा खरबरीतपणा रंगीत पेन्सिलीला फार मानवतो. मात्र त्यावर बारीक रेषांचा ठसा तुटक उमटतो. म्हणून हातकागद वापरावयाचा असल्यास ठसे मोठे व साधे कोरावे.

आतां एक नमुना डोळ्यांसमोर ठेवून पुढील कृती पाहतां येईल. कार्डाच्या दर्शनी पानावर मध्यें एक सुगड आहे. भोंवतीं तिळांची किनार आहे. आणि सुगडांतून ऊंस, बोरें, हरभऱ्याचे घाटे, गव्हाची ओंबी असें कांहीं डोकावत आहे. यांतील सुगड साच्यानें, किनार ठशानें, आणि सुगडांतील जिन्नस पेन्सिलीनें करावयाचे आहेत.

साचा म्हणजे काय हें ज्या घरांत रांगोळीचे छापे आहेत तेथें सांगावयास नको. छिद्रांतून रांगोळी खालीं पडते आणि झांकलेली जागा कोरी राहते. मथुरा-वृंदावनाकडे सांझीसाठीं कागद कात्रीनें नाजूक कापून त्यांतून रंगीत भुकटी सोडतात, तेंहि हेंच. भेटकार्डाच्या साच्यास जुनी क्ष-किरण फिल्म उत्तम. ती न मिळाल्यास मागल्या हंगामांतील एखादी जाड लग्नपत्रिका घेऊन तिच्या दोन्ही बाजूंस मेणबत्ती घासावी, म्हणजे ती ओल धरीत नाहीं. चित्र आंखून तें धारदार पात्यानें कापावें. पातें नेहमीं अंगापासून दूर ओढावें, आणि वळण आलें कीं पातें न वळवितां खालचा साचा वळवावा, म्हणजे कड एकसंध राहते. हें काम लहान मुलांकडे देऊं नये.

साच्याचा एक नियम असा कीं त्यांतील प्रत्येक झांकणारा भाग मुख्य पत्र्याला कोठेंतरी जोडलेला राहिला पाहिजे. वर्तुळाच्या आंत वर्तुळ कापूं गेल्यास आंतला तुकडा बेटासारखा सुटा होऊन गळून पडतो. तो धरून ठेवण्यासाठीं मध्यें न कापलेल्या बारीक पट्ट्या सोडाव्या लागतात. त्यांना पूल म्हणावें. जपानांत कापड छापण्याचे जे साचे करीत त्यांना कातागामी म्हणतात. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेल्या कागदाचे थर तेंदूच्या कुळांतील काकी फळाच्या रसानें एकमेकांस चिकटवून तो कागद तयार होई. त्यावरील नक्षी इतकी नाजूक असे कीं तींतील बेटें जागच्या जागीं राहावीं म्हणून कागदाच्या दोन पदरांमध्यें रेशमाचे धागे ताणून बसवीत. घरच्या कामांत इतकी कुसर नको; पूल लपविण्यापेक्षां ते चित्रांतच सामावून घ्यावे. सुगडाच्या गळ्याखालीं एक आणि पोटावर एक अशा दोन आडव्या पट्ट्या न कापतां सोडल्या, तर साचा मजबूत होतो, आणि छापल्यावर त्याच पट्ट्या सुगडावरील पांढऱ्या रेघांसारख्या दिसतात.

याच नियमामुळें बालबोध अक्षरांचा साचा कापणें अवघड जातें. ‘तिळगूळ’ या शब्दांतील ‘ळ’ च्या दोन वाटोळ्या पोकळ्या आणि ‘बोला’ मधील ‘ब’ चें पोट हीं सारीं बेटें आहेत. शिरोरेघ जोडली कीं ‘प’ आणि ‘य’ यांसारख्या अक्षरांतहि बंदिस्त जागा उत्पन्न होते. प्रत्येक ठिकाणीं पूल सोडीत गेल्यास अक्षर तुटक दिसतें, आणि न सोडल्यास त्याचा नुसता डाग होतो. म्हणून मजकूर साच्यांत घालण्याच्या भरीस पडूं नये. तो हातानेंच लिहावयाचा आहे. कां, तें पुढें येईल.

साच्यांतून रंग देतांना बहुतेकांची चूक होते ती रंग पातळ घेण्याची. साचा कागदावर कितीहि दाबून धरला तरी दोहोंमध्यें केसाएवढी फट राहते, आणि दिव्याच्या वातींत तेल चढावें त्याप्रमाणें पातळ रंग त्या फटींत शिरतो. मग कड फुटते. पोस्टर-रंग जाडसर घ्यावा. आंखूड केसांच्या कुंचल्याचें टोंक त्यांत बुडवून रद्दी कागदावर ठोकून जवळजवळ कोरडें करावें. आणि कुंचला उभा धरून कडेकडून मध्याकडे हलके हलके टिपावा. आडवा फराटा मारूं नये, कारण त्यानें कुंचल्याचे केस साच्याच्या कडेखालीं जातात. रंग एका हातांत भरला नाहीं तर वाळूं देऊन दुसरा हात द्यावा. पोटाच्या एका बाजूस टिपणें थोडें दाट केलें कीं सुगडाला गोलाई येते. साचा उचलतांना तो सरकवूं नये, सरळ वर उचलावा, आणि पुढील कार्डावर ठेवण्यापूर्वीं त्याची खालची बाजू फडक्यानें पुसावी.

साच्याच्या उलट रीत ठशाची. साच्यांत जेथें छिद्र असेल तेथें रंग लागतो. ठशांत जेथें उंचवटा असेल तेथें लागतो. म्हणून ठसा कोरतांना जें पांढरें राहावयाचें तें खोदून काढावयाचें असतें. घरांत मिळणारा सर्वांत सोपा ठसा भाजीच्या टोपलींत असतो. भेंडी आडवी कापली कीं पांच पाकळ्यांची चांदणी तयार मिळते. बटाटा मधोमध कापून त्यावर हवी ती आकृती कोरतां येते. पण बटाट्याच्या कापलेल्या तोंडाला पाणी फार सुटतें, आणि त्या पाण्यानें रंग पातळ होऊन ठसा पसरतो. त्यासाठीं तो फडक्यावर पालथा घालून थोडा वेळ ठेवावा. दुसऱ्या दिवसापर्यंत तो सुकून आकसतो. चोवीस कार्डांना व पुढल्या वर्षीं पुन्हां उपयोगी पडेल असा ठसा हवा असेल तर साधा खोडरबर घ्यावा. त्याच्या अरुंद टोंकावर तिळाच्या दाण्याचा, एका बाजूस निमुळता असा आकार ठेवून बाकीचें दोनतीन मिलिमीटर खोल कापून टाकावें. कापतांना पातें किंचित बाहेर कलतें ठेवावें, म्हणजे उंचवट्याचा पाया रुंद राहतो आणि दाबल्यावर त्याची कड लवत नाहीं.

ठसा चित्र उलटें उमटवितो, ही गोष्ट तिळाच्या बाबतींत जाणवत नाहीं, अक्षराच्या बाबतींत लगेच जाणवते. मुंबईस १८६९ सालीं सुरू झालेल्या निर्णयसागर छापखान्याच्या देवनागरी टायपांचा लौकिक मोठा होता. तेथील काय किंवा कोणत्याहि छापखान्यांतील काय, टायपाच्या तोंडावर अक्षर आरशांतल्यासारखें उलटें असल्यावांचून कागदावर तें सुलटें येत नाहीं. घरीं एखादें अक्षर किंवा ‘श्री’ कोरावयाची असल्यास ती पातळ कागदावर मऊ शिसपेन्सिलीनें सुलटी काढावी, तो कागद खोडरबरावर पालथा ठेवून मागून नखानें घासावा, म्हणजे रेषा आपोआप उलटी होऊन उतरते. तिजवरून कोरलें कीं छाप सुलटा येतो.

कचेरींतील जांभळ्या शाईची गादी हाताशीं असते म्हणून तीच वापरण्याचा मोह होतो. पण तसली शाई हळू वाळते, ओल लागली कीं पसरते, आणि उन्हाच्या जागीं राहिल्यास उडते. त्यापेक्षां स्पंजाचा पातळ तुकडा किंचित ओलसर करून त्यावर जाडसर पोस्टर-रंग सारखा पसरावा आणि त्यावर ठसा टिपून घ्यावा. ठशावर रंग अधिक झाला तर दाबासरशीं तो कडेला ढकलला जाऊन भोंवतीं गडद रेघ उमटते. कमी झाला तर ठशांत भोंकें दिसतात. रद्दी कागदावर दोन छाप घेऊन तिसरा कार्डावर घ्यावा, म्हणजे हें प्रमाण सहज साधतें. कागदाखालीं जुन्या वर्तमानपत्राची चौघडी ठेवली तर ठसा सर्व बाजूंनीं सारखा टेंकतो. किनारीचे तीळ पट्टीनें मोजून एका ओळींत बसविण्याची गरज नाहीं. दाणे थोडे इकडे तिकडे कलले कीं ते तीळ वाटतात, एका रांगेत उभे राहिले कीं नुसतीं टिंबें वाटतात.

आतां तिसरें साधन. रंगीत पेन्सिल आणि साधी शिसपेन्सिल बाहेरून सारख्या दिसल्या तरी आंतून निराळ्या आहेत. शिसपेन्सिलीची कांडी ग्राफाइट व माती यांची असून ती भट्टींत भाजलेली असते. ही रीत फ्रान्समध्यें निकोला-झाक काँते यानें १७९५ सालीं काढली. रंगीत पेन्सिलीची कांडी रंगद्रव्य, पांढरी माती, चिकट द्रव्य आणि मेण किंवा तेल यांची असते. तिला भट्टीची आंच सोसत नाहीं, म्हणून ती मऊ राहते, आणि आपटली कीं आंतल्या आंत मोडते. ती कागदावर ओढली असतां कागदाच्या खरबरीत पृष्ठभागाच्या उंच कडांवर मेणांत गुंतलेलें रंगद्रव्य खरवडलें जाऊन बसतें, आणि खळगे कोरे राहतात. त्या खळग्यांतच या साधनाची सारी गंमत आहे. हलक्या हातानें पिवळा थर दिला, त्यावर तितक्याच हलक्या हातानें निळा दिला, तर दोन्ही रंग शेजारीशेजारी व थोडे एकमेकांवर बसून हिरवा दिसतो, आणि तो हिरवा आयत्या हिरव्या पेन्सिलीपेक्षां अधिक जिवंत असतो. हरभऱ्याच्या घाट्यांना हाच हिरवा द्यावा. उलट आरंभींच जोर दिला तर मेण खळगे बुजवून टाकतें, पृष्ठभाग चकाकूं लागतो, आणि त्यावर पुढला रंग घसरतो. म्हणून फिकट रंग आधीं, गडद मागून, आणि जोर सर्वांत शेवटीं, असा क्रम राखावा. गुळगुळीत चकचकीत कागदावर खळगेच नसल्यामुळें तेथें रंगीत पेन्सिल चालत नाहीं.

तीन साधनें एकाच कार्डावर वापरावयाचीं तर त्यांचा आपसांतील क्रमहि महत्त्वाचा आहे, आणि त्याचें कारण मेणांतच आहे. पेन्सिलीनें रंगविलेल्या जागीं मेणाचा पातळ लेप बसलेला असतो. त्यावर पाण्याचा रंग धरीत नाहीं. तो थेंबाथेंबानें गोळा होतो. पेन्सिल आधीं आणि ठसा मागून असें केल्यास ठसा फाटका उमटतो तो यामुळें. यास्तव प्रथम साचा, तो पुरता वाळल्यावर ठसा, तोहि वाळल्यावर पेन्सिल, असाच क्रम ठेवावा. पोस्टर-रंग वाळल्यावर त्याच्या कोरड्या, खडूसारख्या पृष्ठभागावर पेन्सिल चांगली चालते. सुगडाच्या कांठावर पांढऱ्या पेन्सिलीची एक रेघ व तळाशीं गडद तपकिरी रेघ ओढली कीं मातीचें भांडें उठून दिसतें. मेणाचा हा विरोध कामींहि लावतां येतो. पांढऱ्या मेणखडूनें कागदावर हलव्याचे ठिपके द्यावे आणि त्यावरून काळ्या रंगाचें पातळ पाणी फिरवावें. ठिपके तेवढे कोरे राहतात आणि काळ्या चंद्रकळेवर हलव्याचे दागिने घातल्याचा भास होतो.

चोवीस कार्डांचा हिशेब असा पडतो. प्रत्येक कार्ड आरंभापासून शेवटपर्यंत हातानें काढावयाचें ठरविलें आणि एकेकास अर्धा तास धरला, तर बारा तास लागतात. हीच कार्डें या रीतीनें केल्यास पहिल्या संध्याकाळीं सर्वांवर सुगड व किनार छापून होते, आणि तीं दोरीवर चिमट्यांनीं अडकवून रात्रभर वाळतात. दुसऱ्या संध्याकाळीं प्रत्येक कार्डावर दहा मिनिटें पेन्सिल चालवावयाची, म्हणजे चार तासांचें काम होतें; घरांतील चार माणसें बसलीं तर तें तासाभरांत उरकतें. ठसा उमटविणें हें पांच वर्षांच्या मुलाला आवडतें व जमतें. साचा धरणें व टिपणें त्याहून मोठ्यानें करावें. ज्याला चित्र काढतां येत नाहीं असें वाटतें त्यालाहि सुगड तयार मिळाल्यावर त्यांत दोन बोरें काढण्याची भीति वाटत नाहीं.

या दहा मिनिटांत काय काढावयाचें हें ज्याला कार्ड जावयाचें त्याच्याकडे पाहून ठरतें. ज्या काकांचा उंसाचा मळा आहे त्यांच्या सुगडांत उंसाचीं कांडीं उंच उभीं राहतील. शाळकरी भाचीच्या सुगडांतून बोरें सांडलेलीं दिसतील. परदेशीं राहणाऱ्या मुलाला गव्हाची ओंबी पुरे. मजकुराचेंहि तसेंच आहे. छापील कार्ड सर्वांसच ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असें म्हणतें. पण मराठींत काकांस ‘घ्या’ म्हणावें लागतें आणि भाचीला ‘घे’. वडील माणसाच्या नांवामागें ‘तीर्थरूप’ व नमस्कार येतो, धाकट्याच्या नांवामागें ‘चिरंजीव’ व आशीर्वाद येतो. हा भेद ठशाला कळत नाहीं. तो लिहिणाराच्या हाताला कळतो, म्हणून मजकूर हातानें लिहावयाचा. फ्रेंच चित्रकार आंरी मातिस याचा ‘जाझ’ हा चित्रग्रंथ १९४७ सालीं निघाला. त्यांतील वीस चित्रें त्यानें रंगविलेला कागद कात्रून सिद्ध केलीं होतीं, आणि ग्रंथांत तीं साच्यांच्या साहाय्यानें रंगवून उतरविण्यांत आलीं; मजकूर मात्र टायपांत न जुळवितां त्याच्याच मोठ्या, ठळक हस्ताक्षरांत छापला. चित्र साच्यावर सोंपविण्यास तयार असलेल्या कलावंतानेंहि अक्षर आपलें ठेवलें.

हातानें लिहिण्याचा आणखी एक लाभ आहे, आणि तो सर्वांत मोठा म्हणावा लागेल. चोवीस कार्डें लिहावयाचीं म्हणजे चोवीस नांवें एकेक करून डोळ्यांखालून घालावीं लागतात. त्यांत असें एखादें नांव निघतें कीं ज्या घरीं गेल्या वर्षांत जवळचें माणूस गेलेलें असतें. तेथें त्या वर्षीं सण नसतो, आणि पतंग व हलव्याचें रंगीबेरंगी चित्र त्या घरीं जाणें बरें नव्हे. एका स्पर्शासरशीं शंभरांस जाणारा संदेश तेथेंहि जातो; पाठविणाराच्या मनांत कांहीं वाईट नसतें, पण वाचणारास मात्र लागतें. कार्ड करणारा तें नांव आलें कीं थांबतो. सुगड छापलेलें कार्ड बाजूला ठेवून तो कोरा कागद घेतो, फार तर कोपऱ्यांत तिळाचे दोनतीन दाणे उमटवितो, आणि शुभेच्छेऐवजीं चार शब्द विचारपुशीचे लिहितो. चोविसांतलें हें एक कार्ड सर्वांत कमी वेळांत होतें, आणि कदाचित् सर्वांत अधिक काळ जपून ठेवलें जातें.

लिफाफ्यांत हलवा किंवा तिळगूळ घालावयाचा असल्यास एक काळजी घ्यावी. तिळाचें तेल कागदाच्या तंतूंमधील हवेची जागा घेतें, त्यामुळें तेवढा कागद पारदर्शक होतो आणि तो डाग पुन्हां जात नाहीं. तिळाची वडी यासाठीं योग्य नव्हे. हलव्याचे चारपांच दाणे बटरपेपरच्या लहान पुडींत घालून ती पुडी कार्डाच्या आंत, घडीजवळ ठेवावी, म्हणजे शिक्क्याच्या आघातापासूनहि ते बहुधा वांचतात. संक्रांत कांहीं वर्षीं १४ जानेवारीला आणि कांहीं वर्षीं १५ ला येते. तेव्हां कार्डें निदान आठ दिवस आधीं पेटींत पडलीं पाहिजेत. काम संपल्यावर साचा व ठसे कोमट पाण्यानें धुवून, पुसून, जुन्या वहीच्या पानांत सपाट ठेवून द्यावे. पुढल्या वर्षीं सुगड तेंच असेल, तीळ तेच असतील. नांवांची यादी मात्र पुन्हां पहिल्यापासून वाचावी लागेल, कारण तेवढ्या काळांत कोणाच्या घरीं नवें मूल आलेलें असेल, कोणी गांव बदललें असेल, आणि कोणाला ‘घे’ ऐवजीं ‘घ्या’ म्हणण्याची वेळ आलेली असेल.